अखंड सहा तास

पेटीनं तिसऱ्यांदा नकार दिला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. माझ्या खांद्यावर माझी सहा महिन्यांची नात होती, कृत्तिका. तिचा कढत गाल माझ्या मानेला चिकटला होता. रडणं सोडून ती आता नुसती कण्हत होती. पेटी मात्र बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात पुन्हा तेच सांगत होती. "कृत्तिका सुजय दाणी. वय सहा महिने. बाळाला ताप नाही. औषध देता येत नाही."

"हिला ताप नाही म्हणे," मी काउंटरपलीकडच्या शिवानंदला म्हटलं. "जरा हात लावून बघ रे."

शिवानंद उंबरजे आता पन्नाशीला आलाय. मी त्याला चड्डीत फिरताना पाहिलंय, म्हणून अरेतुरे. त्यानं कृत्तिकाच्या कपाळाला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"चांगलीच तापलीय, काकू. पण माझ्या हाताला पेटी विचारत नाही."

"मग तू इथे कशाला बसलायस?"

"पेटी पुसायला," तो म्हणाला आणि खरंच फडकं घेऊन पेटीची काच पुसायला लागला.

बार्शीच्या ह्याच गल्लीत, समोरच्या दवाखान्यात, माझे वडील कंपाउंडर होते. रोगी घरून रिकामी बाटली घेऊन यायचा. वडील तिच्यात गुलाबी औषध भरायचे आणि कागदाची पट्टी दुमडून तिला कात्रीनं खाचा पाडायचे. एक खाच म्हणजे एक डोस. पट्टी खळीनं बाटलीवर चिकटवायचं काम माझं होतं. पुढे त्या बाटल्या गेल्या, तयार औषधं आली. माझी मुलं लहान असताना शिवानंदचे वडील, बसप्पाकाका, ह्याच काउंटरमागे उभे असत. "किती महिन्यांचं?" एवढंच विचारायचे आणि तापाच्या थेंबांची बाटली कागदात गुंडाळून हातात द्यायचे. मागाहून हाक मारून सांगायचे, "झाकणानं मोजू नका, ड्रॉपरनं मोजा."

आता थेंबांची बाटली विकायला बंदी आहे. बंदीमागचं कारण खोटं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. ते खरं आहे, म्हणून जास्त चीड येते.

माझी मुलगी ऋजुता, कृत्तिकाची आई, नाशिकच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिनंच मला ते समजावून सांगितलं होतं. काही वर्षांपूर्वी संशोधकांनी चाळीस हजार बाळं जन्मापासून शाळेत जाईपर्यंत पाहिली. ज्यांचा पहिल्या वर्षातला ताप औषधानं लगेच उतरवला होता, ती मुलं पुढच्या साथीत जास्त आजारी पडली. बाळाच्या रक्तात काही पेशी असतात, रोगाची ओळख लक्षात ठेवणाऱ्या. त्या अंग तापलेलं असतानाच तयार होतात आणि त्यांना तयार व्हायला साधारण सहा तास लागतात.

"ताप म्हणजे शरीराचा वर्ग भरलेला असतो, आई," ती म्हणाली होती. "मध्येच घंटा वाजवली की धडा अर्धा राहतो. धडा संपल्यावर औषध दिलं तर काही बिघडत नाही."

म्हणून औषध बंद केलं नाही, त्याची वेळ ठरवली. जन्मलेल्या प्रत्येक बाळाला दवाखान्यातून तीन झबली मिळतात. त्यांच्या विणकामात एक बारीक धागा असतो, तो अंगाची उष्णता मोजत राहतो आणि बाळाच्या नावावर पाठवत राहतो. उष्णता सलग सहा तास एकशे एकच्या वर राहिली की औषधाच्या दुकानातली पेटी उघडते. बाळाची टाच काचेवर टेकवली की पेटी त्याच्या वजनाला आणि त्याच्या यकृताला झेपेल एवढंच औषध एका पातळ पापुद्र्यावर छापून देते. तो गालाच्या आत चिकटवायचा. चिठ्ठी लागत नाही, डॉक्टर लागत नाही. कुणीही जावं आणि घ्यावं, पेटीची मर्जी असेल तर.

कृत्तिकाचं अंग पहाटे पाचपासून तापलेलं होतं. आमच्या हिशेबानं आणखी अर्ध्या तासात पेटी उघडायला हवी होती. आणि पेटी म्हणत होती, तापच नाही.

ऋजुता बाजूला उभी राहून फोनवर बोटं चालवत होती. तेवढ्यात तो वाजला. नाशिकहून तिची मोठी जाऊ होती, सायली. ऋजुतानं आवाज मोठा केला.

"अगं ऋजू, इथे गंमतच चाललीय. पहाटेपासून मला निरोपावर निरोप. शौनकला ताप आहे म्हणे, एकशे दोन. आणि हा पठ्ठ्या गॅलरीत बादलीत बसून पाणी उडवतोय. पेटीचं डोकं फिरलंय बहुतेक. तुझ्याकडे काय?"

ऋजुतानं फोन खाली केला. ती कृत्तिकाच्या अंगातल्या झबल्याकडे बघत होती. धुऊन धुऊन पिवळट झालेलं, गळ्याशी विरलेलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

ते झबलं शौनकचं होतं. सायलीचा मुलगा, आता दोन वर्षांचा. आमच्यात नव्या बाळाला पहिलं झबलं जुनं घालतात, धडधाकट वाढलेल्या एखाद्या मुलाचं. कापड मऊ झालेलं असतं आणि त्या मुलासारखी तब्येत लाभावी असंही मनात असतं. कृत्तिका झाली तेव्हा ऋजुता म्हणाली होती, "आई, ह्यात धागा आहे, तो शौनकच्या नावावर आहे." मी म्हटलं होतं, उकळून घेते, आत काय असेल ते मरून जाईल. दोनदा उकळलं, तीन दिवस उन्हात वाळवलं. नवी तिन्ही झबली प्लास्टिकमध्ये तशीच ठेवून दिली. उष्टावणाला कोरं घालू, म्हटलं. जुन्याचं विणकाम ताणणारं, ते कृत्तिकाबरोबर वाढत गेलं. अंगाला तेच सवयीचं झालं. ह्या रविवारी उष्टावण होतं, मामाच्या हातचा पहिला घास, त्यासाठीच त्या मायलेकी बार्शीला आल्या होत्या.

"तू म्हणालीस, धागा मेला," ऋजुता म्हणाली.

"मला वाटलं तसं."

"आणि मी ऐकलं. सहा महिने मी समजत होते, हिची तब्येत छान आहे म्हणून निरोप येत नाहीत." ती हसली, पण ते हसू बघवेना. "मी वर्गात पोरांना सांगते, आकडे नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका."

फोनवरून सायली ऐकत होती. "थांबा, थांबा," ती म्हणाली. "म्हणजे शौनकच्या नावावर साडेपाच तास झालेत ना? अर्ध्या तासात त्याच्या नावानं पेटी उघडेल. तिथूनच घ्या काढून. माझी परवानगी आहे."

"त्याची टाच लागेल, ताई," शिवानंद म्हणाला. "टाच पाठवता का नाशिकहून?"

"आणि तो पापुद्रा बारा किलोच्या मुलाचा असेल," ऋजुता म्हणाली.

"अर्धा करून देऊ," मी म्हटलं.

शिवानंदनं मान हलवली. "काकू, त्यावर औषध सगळीकडे सारखं नसतं. कुठल्या अर्ध्यात किती आलं, ते देवाला ठाऊक."

"मग शौनकचे साडेपाच तास हिच्या नावावर करून दे."

"त्याला अर्ज असतो. सात दिवस."

"सात दिवस ताप टिकवून ठेवू म्हणतोस?"

"मी काहीच म्हणत नाही हो. नियम सांगतोय." त्याचाही आवाज चढला होता. "माझा लहाना भाऊ असाच काउंटरवर ओरडून गेला मागच्या महिन्यात. त्यालाही हेच सांगितलं. पेटीला माझी किल्लीच नाही, तर मी काय करू?"

वडिलांची एक गोष्ट मला त्या वेळी आठवली. मी आठ-नऊ वर्षांची असताना मोठ्या माणसाची पट्टी एका लहान मुलाच्या बाटलीवर चिकटवली होती. वडिलांच्या ते संध्याकाळी लक्षात आलं. ते सायकल काढून वैरागच्या वाटेवरल्या वस्तीवर गेले आणि बाटली बदलून आले. आल्यावर मला रागावले नाहीत. त्यांनी नुसतं पाणी मागितलं. त्यानंतर पट्ट्या ते स्वतःच चिकटवू लागले.

ऋजुतानं काउंटरवरच बाळाच्या कपड्यांची पिशवी उघडली, प्लास्टिक फाडलं आणि कोरं झबलं काढलं. कृत्तिकाचे हात बाहीत घालताना ती मोठ्यानं रडली. पेटीवर हिरवा दिवा लागला. "कृत्तिका सुजय दाणी. ताप एकशे दोन पूर्णांक दोन. नोंद सुरू झाली आहे."

"दहा पन्नास," शिवानंद म्हणाला. "चार पन्नासला उघडेल. आणि काकू, एक लक्षात ठेवा. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवू नका. ताप एकशे एकच्या खाली आला की घड्याळ परत शून्यावर जातं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "म्हणजे उतरवायचाच नाही?"

"उतरला तर औषध कशाला लागेल, असं ते म्हणतात."

"आणि उतरून तासाभरानं परत चढला तर?"

"परत सहा तास."

घरी आल्यावर मी पडदे ओढले, पंखा लावला. ऋजुतानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर फरीदा मुजावर गल्लीच्या टोकाला बसतात. सकाळी औषधाच्या दुकानाआधी त्यांनीच कृत्तिकाला तपासलं होतं. घसा लाल आहे, छाती स्वच्छ आहे, ताप दोन दिवसांत जाईल, म्हणाल्या होत्या.

"तुम्ही तरी द्या काही, मॅडम," ऋजुता म्हणाली.

"माझी चिठ्ठीसुद्धा त्याच पेटीत जाते हो. दूध घेतेय ना? लघवी होतेय?"

"थोडं थोडं घेतेय."

"देत राहा. अंगावर जास्त कपडे नकोत. डोळे फिरले, अंग ताठ झालं, दूध घ्यायची थांबली किंवा ताप एकशे चारच्या वर गेला, तर घड्याळबिड्याळ सोडा आणि तडक माझ्याकडे या. तेव्हा नियम लागू नाही. तोवर थांबा."

"मला लहानपणी तापात आकडी आली होती, मॅडम. म्हणून विचारते."

डॉक्टर म्हणाल्या, "औषधानं आकडी टळतेच असं नाही. मनाला बरं वाटतं, एवढंच. पण मला कळतंय."

मला तर चांगलंच कळत होतं. ऋजुता माझं शेंडेफळ, नऊ महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि तिचं अंग एकदम लाकडासारखं झालं. डोळे पांढरे. मिनिटभरच असेल. पण त्या मिनिटात मी बसप्पाकाकांच्या दुकानापर्यंत अनवाणी धावले होते. ती बरी झाली, मोठी झाली, गणितात पहिली आली. तरी अजून कुणाच्या बाळाला ताप आला की माझे तळवे जळतात.

बारा वाजले, एक वाजला. ताप एकशे दोन पूर्णांक सहा. फोनवर लाल रेघ सरळ पुढे जात होती. ऋजुता ती रेघ बघत होती, मी कृत्तिकाला बघत होते. तिचे ओठ कोरडे पडले होते. चमच्यानं दूध घातलं की दोन घोट घ्यायची आणि तोंड फिरवायची. मोठ्यांच्या तापाच्या गोळ्या माझ्याकडे होत्या, पण हल्ली त्या फोडल्या की निळ्या पडतात आणि निकामी होतात. मी एक फोडूनही पाहिली. पडली निळी.

दोन वाजता मी मोरीत गेले, जुन्या साडीचा तुकडा भिजवला, पिळला आणि आले. कपाळावर ठेवणार तोच ऋजुतानं माझा हात धरला.

"आई, नको."

"तिचं कपाळ बघ."

"बघितलंय. तीन तास दहा मिनिटं झालीत. आता पट्टी ठेवली तर तीही गेली. मग रात्री आठपर्यंत हेच."

"तुझ्या वेळी मी रात्रभर पट्ट्या ठेवत होते."

"माझ्या वेळी तुला बाटली मिळाली होती." तिनं माझ्या हातातून तो तुकडा घेतला आणि ताटलीत टाकला. "आणि माझ्या वेळी कुणी झबलं उकळलं नव्हतं."

मी खिडकीशी जाऊन बसले. मनात पेटीला शिव्या देत होते, तिच्या हिरव्या दिव्याला, त्या चाळीस हजार बाळांना, आणि तीन दिवस उन्हात वाळत घातलेल्या त्या झबल्याला.

तीन वाजता ताप एकशे तीनवर गेला. ऋजुतानं मला न विचारता रिक्षा बोलावली. "दुकानातच जाऊन बसू," ती म्हणाली. "तिथून डॉक्टरही जवळ आहेत. आणि चार पन्नासच्या पुढे एक मिनिट नको."

दुकानात शिवानंदनं बाकडं पुसून दिलं, छताचा पंखा वाढवला. गिऱ्हाईक येत होतं, मलम, पट्टी, साखरेच्या गोळ्या घेऊन जात होतं. एक बाई कृत्तिकाकडे बघून म्हणाली, "कितवा तास?" जणू बसचा नंबर विचारावा. ऋजुता म्हणाली, "पाचवा." बाई म्हणाली, "आमच्या नातवाचा साडेपाच तासांनी आपोआप उतरला होता. मग काही मिळालं नाही. संध्याकाळी परत चढला." सांगून ती निघून गेली. तिच्या हातात खोकल्याची वडी होती.

कृत्तिका आता कण्हायचीही थांबली होती. डोळे अर्धवट उघडे, श्वास भराभर. मी तिच्या तोंडाशी चमचा नेला. तिनं ओठ हलवले, घोट घेतला. पेटीवर आकडे उलटे जात होते. वीस मिनिटं. अठरा. मी ते वाचत होते. माझ्या लक्षातही आलं नाही, कधीपासून मी फक्त तेच वाचत होते.

अकरा मिनिटं राहिली असताना ऋजुता उठली. तिनं पाण्याची बाटली उघडली, ओढणीचं टोक भिजवलं.

"काय करतेस?" मी म्हटलं.

"बास झालं, आई. मला नाही बघवत."

"अकरा मिनिटं राहिलीत."

"राहू देत. परत मोजू. मी हिला अशी नाही ठेवू शकत."

ती ओढणीचं टोक कृत्तिकाच्या कपाळाशी नेत होती आणि मी तिचं मनगट धरलं. सकाळपासून ह्या पेटीला शिव्या देणारी मी. माझा हात म्हातारा आहे, पण पोळपाट-लाटण्यानं घडलेला आहे, त्यात जोर आहे. ऋजुतानं सोडवायचा प्रयत्न केला. मी सोडलं नाही.

"आई, सोड."

"पाच तास एकोणपन्नास मिनिटं तिनं सोसलंय. ते वाया घालवू नकोस."

"तिनं सोसलंय. तू नाही."

"तरी नाही सोडणार."

शिवानंद पाठ करून फळीवरल्या डब्या लावत होता, लावलेल्याच परत लावत होता. ओढणीच्या टोकातून पाणी बाकड्यावर ठिबकत होतं. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो, मध्ये बाळ. दहा. नऊ. सहा मिनिटं उरली तेव्हा ऋजुतानं हात सैल सोडला, तरी मी मनगट धरूनच ठेवलं. मला तिचा भरवसा नव्हता. कदाचित माझाही नसेल.

चार पन्नासला पेटी म्हणाली, "नोंद पूर्ण. टाच ठेवा."

शिवानंदनंच कृत्तिकाची टाच काचेवर टेकवली. नखाएवढा पापुद्रा बाहेर आला. ऋजुतानं तो तिच्या गालाच्या आत चिकटवला आणि तिला छातीशी धरून बाकड्यावर बसली. तिच्या मनगटावर माझ्या चार बोटांचे लाल वळ उठले होते.

अर्ध्या तासानं कृत्तिकाच्या मानेवर घाम आला. मग कपाळावर. मग तिनं डोळे नीट उघडले, शिवानंदच्या पंख्याकडे पाहिलं आणि दुधासाठी तोंड उघडलं. शिवानंद म्हणाला, "झालं, काकू. आता रविवारच्या उष्टावणाला मला बोलवा." मी हो म्हटलं. औषधाला पैसे पडत नाहीत, नुसती सही लागते. ती मी केली.

घरी परतताना रिक्षात ऋजुताचा फोन वाजला. तिनं निरोप मोठ्यानं वाचला. "कृत्तिकाचा ज्वरलेख अखंड नोंदवला गेला आहे. पालकांच्या सहकार्याबद्दल आभार." पुढे पाच चांदण्या होत्या, त्याही तिनं मोजून दाखवल्या.

तिनं फोन पिशवीत टाकला. मग म्हणाली, "आई, माझा हात धरलास तेव्हा तू कुणाकडे बघत होतीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण दिवसभरात झालं तेवढं पुरे होतं.

"पेटीकडे," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. रागानं नाही, नुसती एखादा आकडा टिपून घ्यावा तशी.

घराशी रिक्षा थांबली. मी आधी उतरले आणि सवयीनं बाळ घ्यायला दोन्ही हात पुढे केले. ऋजुतानं कृत्तिकाला स्वतःच्याच खांद्यावर नीट घेतलं, एका हातानं रिक्षाची कड धरून उतरली, आणि कुलूप उघडायला किल्ली तेवढी माझ्याकडे मागितली.